डब्याच्या तळाशी राहिलेला वॉशर

कात्रजच्या मच्छिंद्रने नोकरीभर एकच काम केलं, नाही म्हणण्याचं. भोसरीच्या एका कारखान्यात तो मालाच्या तपासणीला होता. समोर भाग आला की तो उचलायचा, उजेडाला धरायचा, कानाशी नेऊन टिचकी मारायचा आणि लाल खोक्यात टाकून द्यायचा. जो भाग पास होईल त्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायची तिथे पद्धत होती. तो कामावर रुजू झाला त्या दिवशी स्टोअरने त्याच्या हातात पिवळ्या रंगाचा एक डबा ठेवला. निवृत्तीच्या दिवशी तो डबा निम्मा शिल्लक होता. साहेबांनी भाषण करून तोच डबा शालीत गुंडाळून त्याला भेट दिला, आणि सगळ्यात जोरात टाळ्या लाल खोकी वाहणाऱ्या माणसांनी वाजवल्या.

घरीही हा खाक्या कायम होता. बायको द्वारका पोळ्या लाटायला बसली की तो आसपास फिरकणार नाही याची काळजी घ्यायची, कारण गोलाईवरून त्याने एकदा अख्खी चळत परत पाठवली होती. मुलगी ऋतिका हिंजवडीला नोकरी करायची. तिला आलेल्या एका स्थळाचा डावा खांदा उतरता निघाला, तर दुसऱ्या मुलाच्या मानेत 'प्ले', म्हणजे ढिलेपणा, जास्त आहे असा शेरा मच्छिंद्रने मारला. ऋतिकाला लग्नाची घाई नव्हती, त्यामुळे बापाच्या तपासणीवर ती मनापासून खूश होती.

अशा माणसाला निवृत्तीनंतर जुनी येझदी मोटरसायकल मिळाली, तीही लोणी काळभोरच्या मावसभावाच्या गोठ्यात, कडब्याखाली. सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. ती उठेपर्यंत टेम्पोवाला दोनदा जेवून आला. अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या पिल्लांनी पहिली बघितली ती येझदी, आणि मग ती टेम्पोमागे, बंद पडलेल्या कवडीपाट टोलनाक्यापर्यंत, चिवचिवत पळत आली. हे मच्छिंद्र स्वतः सांगतो, आणि तो तपासणीखात्याचा माणूस असल्याने कुणी वाद घालत नाही.

गाडी पुढच्या पडवीत उतरली आणि त्या दिवसापासून घर गॅरेज झालं. बेअरिंगं आकसावीत म्हणून फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी गेली. इंजिनाचं कवच फुगावं म्हणून ऋतिकाच्या केकच्या ओव्हनमध्ये गेलं. त्या दिवसांत त्या ओव्हनमधला केक किक मारल्याशिवाय फुगत नसे. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुवायचा, गच्चीवर पोत्यावर वाळवायचा, उजेडाला धरायचा, ठिपका द्यायचा आणि फराळाच्या मोठ्या डब्यात ठेवायचा. ठिपका नाही तो भाग गाडीत जाणार नाही, हा नियम.

मच्छिंद्रची आई सोजरबाई पडवीच्या दुसऱ्या टोकाला पान लावत हे सगळं बघायची. ती ऐंशीच्या पुढची. किती पुढची, हे विचारायची छाती कुणाला नव्हती. एक दिवस पानाला चुना लावता लावता ती म्हणाली,

"मच्छिंदर, ही गाडी रांकंला लागली म्हंजी दसऱ्याला मी हिच्यावर बसून शिवंपार जाणार."

"तू कुठं जाणार आई? माणसं जातात की."

"मग मी कोन हाय?"

कात्रज गाव होतं तेव्हापासून या घरात दसऱ्याला पुरुषांनी शिव ओलांडायची आणि आपट्याचं सोनं घेऊन यायचं. आधी बैलगाडीतून, मग ट्रॅक्टरवरून, मग मोटारीतून. गावाची शिव शहराच्या पोटात कधी गेली ते कुणालाच कळलं नाही, म्हणून आता जुन्या घाटातला बोगदा म्हणजे शिव असं घरानं ठरवून टाकलं होतं. बायकांनी दारात ओवाळणीचं ताट घेऊन वाट बघायची.

"लगीन होऊन आल्यापास्नं मी ताट घिऊन दारात हुबी हाय," सोजरबाई म्हणाली. "एकदा तुझा बा वाटंत तमाशा बघत बसला, तर ताटातली वात चारदा भरली मी. औंदा मी जाती, ताट तू धर."

"आज्जी, आय ॲम इन," ऋतिका आतून ओरडली. "मी चालवणार. बाबा, आज्जीसाठी सीट कस्टमाइज करायची."

झालं. नातीने कागदावर चित्र काढलं आणि आजीने त्यावर हुकूम सोडले. लुगड्यात एका बाजूला बसायचं म्हणून डावीकडे पाय ठेवायला पाटाएवढी रुंद पायटी आली. पाठ टेकायला न्हाव्याच्या दुकानातल्या जुन्या खुर्चीची वर-खाली होणारी मान बसली. धरायला मच्छिंद्रच्या पाळण्याची पितळी कडी. पानाच्या डब्याला वेगळं घर. रंग झेंडूचा, कारण काळा रंग सोजरबाईच्या मते म्हशीलाच शोभतो. मच्छिंद्रने एकेक वस्तू चार-चारदा नाकारली आणि मग मुकाट्याने बसवली.

इंजिन जोडायला मात्र वेळ लागला. गौरी जेवल्या, पितृपंधरवडा लागला, आणि सोजरबाईने फर्मान काढलं की या पंधरवड्यात नवं काही जोडायचं नाही. भाग डब्यात पडून राहिले. घटस्थापनेला घरात घट बसला आणि पडवीत इंजिन. अष्टमीला मच्छिंद्रने किक मारली. तीच किक पुढे ढकलली की गिअरची दांडी होते, ही या गाडीची खोड. गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि तिने जो धूर सोडला, तो बघून महापालिकेची डासांची गाडी आली म्हणून गल्लीभर खिडक्या बंद झाल्या. पलीकडच्या गल्लीतून एक बाई लहान मूल कडेवर घेऊन आल्या आणि आमच्याकडे का येत नाही म्हणून भांडून गेल्या.

गाडी मात्र अशी चालत होती की टाकीवर ठेवलेला चहा सांडू नये. मच्छिंद्रने चौकापर्यंत फेरी मारली, परत आला, हेडलाइटखाली शेवटचा पिवळा ठिपका दिला आणि शांत झोपला.

खंडेनवमीच्या सकाळी सोजरबाईने हत्यारं मागितली. पाने, पक्कड, हातोडी, कुऱ्हाड, विळा, सगळं पुसून पाटावर मांडलं. हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि हात जोडून उठताना म्हणाली,

"आता उद्या शिवंवरनं सोनं यिऊन ह्यांच्यावर पडंपर्यंत कुनी ह्यांना हात लावायचा न्हाई. सालभर राबल्यात ती."

मच्छिंद्र बरं म्हणाला आणि फराळाचा रिकामा डबा द्वारकेला परत करावा म्हणून उपडा करून झटकला. टिण्ण आवाज झाला. फरशीवर एक जाड पितळी वॉशर गरगर फिरत गेला आणि येझदीच्या पुढच्या चाकाला टेकून पडला.

मच्छिंद्रने तो उचलला. उजेडाला धरला. एका बाजूला खाच. ठिपका नाही.

या डब्यात गाडीच्या भागांखेरीज काही ठेवलेलंच नव्हतं. म्हणजे हा गाडीचा. ठिपका नाही म्हणजे तो आपल्या हाताखालून न बघता गेला. आणि इंजिन तर आता जोडून पक्कं बंद केलंय. उद्या दुपारी या गाडीवर आपली मुलगी पुढे आणि आई मागे, जुना घाट चढणार आणि उतरणार.

हात आपोआप पान्याकडे गेला.

"हां," देवघरातून सोजरबाई म्हणाली. ती पाठमोरी होती. पण आयांना पाठीला डोळे असतात आणि सोजरबाईच्या डोळ्यांना मोतीबिंदू झाला तोही फक्त पुढच्या दोघांना.

"नुसता बघत होतो."

"लांबनं बघ."

शेजारी पाना मागायला गेला तर त्यांचा पाट याच्याहून मोठा सजलेला. म्हणून तो कोंढवा रस्त्यावर उत्तरेश्वरच्या गॅरेजला गेला. उत्तरेश्वर मूळचा लातूरकडचा, वीस गाड्या एका वेळी उघडून ठेवणारा. तोही नव्या सदऱ्यात दारात बसला होता. हवा भरायच्या यंत्राला हार, पंक्चरच्या टबात झेंडू. त्या दिवशी अख्ख्या पुण्यात नट सैल करणारा एक माणूस सापडला असता तर त्याचा सत्कार झाला असता.

उत्तरेश्वरने वॉशर तळहातावर नाचवला. "काका, हा किकच्या शाफ्टचा. कशाला टेन्शन घ्यायलाव? ह्याच्याबिगर बी गाडी पळती."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय. एखाद्या टायमाला किक मारताना पाय तिकडंच ऱ्हातो, बाकी काही नाही."

मच्छिंद्रने वॉशर परत घेतला आणि त्याचा फोटो शनिवार पेठेतल्या श्रीधरपंतांना पाठवला. श्रीधरपंत जुन्या गाड्यांचे दर्दी. स्वतःच्या गाडीवर ते कधी बसत नाहीत, ती झिजेल म्हणून. त्यांचा फोन लगेच आला.

"हा क्लच आणि गिअरबॉक्सच्या मधला. आपण बसवला नाहीत का?"

"राहिला."

"अस्सं. कारखान्यात आपण तपासणीलाच होतात ना?"

मच्छिंद्रने वॉशर खिशात टाकला.

"घाबरू नका. याच्याशिवाय गाडी चढ उत्तम चढते. उताराला मात्र तिचं स्वतःचं मत असतं. ठेवू?"

मग त्यांनी तो फोटो दर्दी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. कुणी म्हणालं मागच्या ब्रेकचा, कुणी म्हणालं मॅग्नेटोचा, तर एकाने हा भाग फक्त परदेशी जाणाऱ्या गाड्यांत असायचा असं सांगून मच्छिंद्रचं अभिनंदन केलं. संध्याकाळपर्यंत त्या वॉशरला इतक्या जागा मिळाल्या की त्या सगळ्या खऱ्या धरल्या असत्या तर येझदीत इंजिनाला जागाच उरली नसती.

खरं सांगून टाकावं, हे त्याला कळत होतं. पण तोंड उघडेना. आयुष्यभर लोकांच्या चुका उजेडाला धरल्या, आता आपली कुणापुढे धरायची? म्हणून त्याने दसऱ्याच्या सकाळी आडवाटा शोधल्या.

"आई, पाऊस येईलसं वाटतं."

सोजरबाईने आभाळाकडे बघितलंसुद्धा नाही. "मी काय मिठाची हाय का?"

"घाटात आज गर्दी असते."

"मग बघतील की मला."

"ऋतिका, तुला घाटाची सवय नाही गं."

"बाबा, मी गेल्या वर्षी बाइकवर महाबळेश्वर केलंय."

हे मच्छिंद्रला ठाऊक नव्हतं. ऋतिकाही बोलून गेल्यावर एकदम झेंडूच्या माळा मोजायला लागली. एरवी यावरून त्याने घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या दिवशी त्याला रागवायलाही फुरसत नव्हती.

इकडे स्वयंपाकघरात वेगळंच सुरू होतं. नैवेद्याचं पुरण शिजलं होतं, आणि हाताने फिरवायचं ते जुनं पुरणयंत्र ओट्याला लावून सोजरबाई दांडा फिरवत होती. दांडा गरागरा फिरायचा, पण जाळीतून काही येत नव्हतं. पुरण मागच्या बाजूने, जिथून येऊ नये तिथून, अख्ख्या डाळीसकट बाहेर पडत होतं.

"मच्छिंदर, हे बघ रं जरा. गौरीला तर झ्याक चालत हुतं."

मच्छिंद्र पडवीत येझदीसमोर मुठीत वॉशर धरून बसला होता. "आज हत्याराला हात लावायचा नाही," तो तिथूनच म्हणाला.

"माझंच मला उलटं सांगतोय," सोजरबाई पुटपुटली.

"सासूबाई, राहू द्या," द्वारका म्हणाली. "ते आले की आधी पुरणच रिजेक्ट करतील."

शेवटी द्वारकेने पुरण पाट्यावर वाटायला घेतलं. वाटता वाटता दुपार चढली. बाहेर ऋतिकाने गाडीला माळ बांधली. सोजरबाईचं हेल्मेट पदरावरून बसतंय का ते पाहून झालं. आता नैवेद्य दाखवायचा, दोन घास खायचे आणि निघायचं.

मच्छिंद्रने येझदीकडे बघितलं. झेंडूच्या रंगाची टाकी, न्हाव्याच्या खुर्चीची मान, आपल्याच पाळण्याची कडी. सगळ्यांवर त्याचे ठिपके. आणि त्याला असं वाटलं की समजा काही झालं, तर या सगळ्या ठिपक्यांचं काय करायचं? उरलेलं आयुष्य कुठल्या खोक्यात टाकायचं?

तो उठला. ताडताड स्वयंपाकघरात गेला. द्वारका पाट्याशी, सोजरबाई अजून त्या यंत्राशी झटापट करत होती, मागे ऋतिका हेल्मेट घेऊन उभी.

"आई, गाडी जायची नाही."

सोजरबाईचा दांडा थांबला.

"का?"

"माझी चूक झाली. इंजिन जोडताना एक भाग राहिला. कुठला ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. उतारावर गाडी धोका देईल. मला कालपासून माहीत होतं, पण सांगायची लाज वाटली." त्याने मूठ उघडली. "हा."

ऋतिकाने हेल्मेट ओट्यावर ठेवलं. बाबांनी चूक झाली म्हटलेलं तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं, त्यामुळे त्यात काय चूक झाली हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

सोजरबाई त्याच्या तळहाताकडे वाकली. पुरणाने माखलेल्या दोन बोटांनी तिने वॉशर उचलला आणि पदराला पुसला.

"आगंबाई. हे कुठं घावलं तुला?"

"गाडीच्या डब्यात."

"गाडीच्या डब्यात कशाला जाईल?" तिने पुरणयंत्राचा दांडा उपसला, पुढचा स्क्रू काढला, वॉशर खाचेत खाच धरून आत सरकवला, स्क्रू पिळला आणि दांडा फिरवला. एक खट् असा आवाज झाला आणि जाळीतून पिवळंधमक पुरण शेवयांसारखं परातीत पडायला लागलं.

द्वारकेने वरवंटा बाजूला ठेवला.

"गौरीच्या जेवनानंतर मी हे धुऊन गच्चीवर वाळत घातलं हुतं," सोजरबाई म्हणाली. "तुझ्या त्या रॉकेलच्या पोत्याशेजारी. तूच उचलून न्हेलं आसशील, तुला काय सुधरत न्हाई ते गोळा करताना."

मच्छिंद्र तिथेच, कोथिंबिरीच्या जुडीवर, खाली बसला. कालपासून छातीवर बसलेलं ते अख्खं इंजिन कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसा त्याने श्वास सोडला. तो इतका लांब होता की देवघरातली समई दोनदा लवली आणि पुन्हा सरळ झाली.

"म्हणजे गाडीत सगळं आहे?" ऋतिकाने विचारलं.

"सगळं आहे," मच्छिंद्र म्हणाला. "सगळं आहे गं." आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते द्वारकेने बघितलं आणि तिने मुद्दाम मिक्सरमध्ये वेलदोडे फिरवायला घेतले.

मग एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला लागली. काल पाना हाती लागला असता तर आपण चांगलं इंजिन पुन्हा फाडलं असतं. किकच्या शाफ्टला पुरणयंत्राचा वॉशर बसवला असता, ठोकून बसवला असता, आणि वर ठिपकाही दिला असता. त्याने पाटावरच्या पान्यांकडे बघून नकळत हात जोडले.

जेवताना त्याने पुरणपोळ्या किती खाल्ल्या हे द्वारकेने मोजलं नाही, कणीक संपली तेव्हा ती थांबली. त्यातली एकही गोल नव्हती आणि एकही परत गेली नाही.

मध्येच श्रीधरपंतांचा फोन आला. "काय ठरलं? क्लच की गिअरबॉक्स?"

"पुरण," मच्छिंद्र म्हणाला.

"अस्सं. माझ्या गाडीत तो नाही," असं म्हणून पंतांनी फोन ठेवला.

उन्हं कलल्यावर येझदी निघाली. पुढे ऋतिका, मागे हेल्मेटवर झेंडूची माळ गुंडाळलेली सोजरबाई, एका हातात पाळण्याची कडी. गल्लीतली माणसं बाजूला झाली. धूर आता बेताचा होता. सर्पोद्यानावरून गाडी जाताना तिच्या ठेक्यावर आतले नाग डोलायला लागले म्हणतात. सापांना ऐकू येत नाही असं ऋतिका सांगते, पण येझदी त्यांना जमिनीतून कळली असेल.

मच्छिंद्र ताट घेऊन दारात उभा राहिला. निरांजनात तूप, सुपारी, हळद, कुंकू. थोड्या वेळाने हात दुखायला लागला. वात एकदा भरली. मग पाय दुखायला लागले. आई हे किती वर्षं करत आली याचा त्याने विचार केला, आणि वात पुन्हा भरली.

लांबून ठेका ऐकू आला. त्याने कान टवकारले. टक् नाही, खर् नाही, सगळं जागच्या जागी. गाडी दारात येऊन थांबली. सोजरबाईच्या ओच्यात आपट्याची पानं होती आणि तोंड पानाने रंगलं होतं.

"कशी चालली?" त्याने विचारलं.

"झ्याक. बोगद्याच्या पल्याड उतरून मी शिवंवर पिचकारी टाकून आली. पन मच्छिंदर, घाट उतरताना मागनं खुळखुळ, खुळखुळ यत हुतं काय तरी."

मच्छिंद्र ताटासकट इंजिनाकडे वाकला. "कुठनं? इंजिनातनं?"

सोजरबाईने त्याच्याकडे बघितलं, मग पानाच्या डब्याचं झाकण उघडलं. आत अडकित्ता आणि एकच सुपारी. "बाकीची खाल्ली मी," ती म्हणाली. "भ्या वाटत हुतं थोडं."

"आज्जी, तू तर म्हणत होतीस जोरात चालव."

"भ्या वाटतं तवाच म्हनत्यात तसं."

मच्छिंद्रने ताट सरळ केलं. ओवाळायची त्याला सवय नव्हती. ताट उजवीकडून फिरवायचं की डावीकडून, हे द्वारकेने मागून दोनदा सांगितलं. आधी ऋतिकाच्या कपाळाला बोट लागलं, मग गाडीच्या दिव्याला. सोजरबाई काही हेल्मेट काढायला तयार नव्हती, तेव्हा त्याने हळदीत बोट बुडवलं आणि हेल्मेटवरच, बरोबर मध्यभागी, एक पिवळा ठिपका दिला.

सोजरबाई उतरली, आत गेली आणि ओच्यातलं सोनं पाटावरच्या पान्यांवर ओतलं. मग स्वयंपाकघरातून पुरणयंत्र उचलून आणलं आणि हातोडीला थोडं सरकवून त्या रांगेत ठेवलं.

"ह्याला बी हळद लाव," तिने मच्छिंद्रला सांगितलं. "राह्यलं हुतं."